साडूभाऊंचे सहाशे वॅट

३ जानेवारी, शनिवार. दोन हजार एकशे पन्नास रुपये. माझ्या साडूंनी त्या दिवशी आपल्या कॉम्प्युटरसाठी पॉवर सप्लाय घेतला, तो या किमतीला. बिलावर शिक्का नव्हता म्हणून ते पुन्हा दुकानात गेले आणि शिक्का मारून घेऊन आले. तोवर मी फुटपाथवर ग्राफिक कार्डाचा खोका छातीशी धरून उभा होतो. ‘पोर धरल्यासारखा धरा’ असे त्यांनी मला बजावले होते.

माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. आम्ही दोघेही एकमेकांना ‘साडूभाऊ’च म्हणतो, त्यामुळे कोणी कोणाला हाक मारली हे घरात कळत नाही, असे ताईचे म्हणणे. ताई म्हणजे त्यांची बायको. तिच्या माहेरी मात्र त्यांना वेगळेच नाव आहे, मिलिमीटर. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवायला बसले तेव्हा समोरच्या भिंतीवरचा फोटो किंचित कललेला त्यांना दिसला. घास तसाच ठेवून ते उठले, फोटो सरळ केला, खिशातून सहा इंची पट्टी काढून दोन्ही बाजू मोजल्या आणि हात धुऊन पुन्हा पानावर बसले. सासूबाई म्हणाल्या होत्या, “जावईबापू, आम्ही मुलगी दिलीय हो. भिंत नाही दिली.”

साडूभाऊ इमारतींचे नकाशे काढतात. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनने काढत. रेघ चुकली तर ब्लेडने शाई खरवडायची आणि त्या जागी पुन्हा अशी रेघ ओढायची की कागदालाही कळू नये. पुढे त्यांच्या ऑफिसातले ड्रॉइंग बोर्ड भंगारात गेले. तेव्हा पन्नाशी उलटल्यावर ते कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसले. क्लासातली पोरे त्यांना सर समजून उभी राहायची. शिकले, आणि मग घरीच बेडरूमच्या एका कोपऱ्यात टेबल टाकून काम सुरू केले. एकाच बिल्डरची कामे ते गेली बावीस वर्षे करतात. त्या कामांवरच घर चालते.

डिसेंबरात बिल्डरने त्यांना बोलावून सांगितले, की आता नुसते नकाशे चालत नाहीत. गिऱ्हाइकाला घर बांधायच्या आधी घरात फिरून आल्यासारखे वाटायला हवे. नव्या आठमजली इमारतीची तशी फिल्म हवी. जिन्यावरून वर जायचे, दार उघडायचे, खिडकीतून उजेड आत आलेला दिसायचा. जानेवारीअखेरपर्यंत ती करून दिली तर पूर्ण प्रकल्पाचे ड्रॉइंग साडूभाऊंचे. नाही तर एक कंपनी आहे, तिच्याकडे पंधरा माणसे आहेत. मग सगळेच तिकडे जाईल, हे आणि यापुढचेही.

त्या फिल्मसाठी ग्राफिक कार्ड घ्यावे लागले आणि कार्डाला जुना पॉवर सप्लाय पुरेना. कॉम्प्युटरच्या पेटीत मागच्या बाजूला जो लोखंडी डबा असतो, ज्यातून वायरींचा झुबका निघतो, तो पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला सोसेल तशी ती वाटून द्यायची, हे त्याचे काम. आमच्या अकाउंट्सच्या भाषेत सांगायचे तर हा रोखपाल.

दुकानात पाच-सहा प्रकार होते. साडूभाऊंनी निवडला त्याची दोन कारणे होती. एक म्हणजे त्यावर ठळक अक्षरांत ‘६०० वॅट’ लिहिले होते, आणि कार्डाच्या खोक्यावर साडेपाचशे हवेत असे छापले होते. दुसरे कारण त्यांना जास्त आवडले. मुख्य दोन वायरी सोडल्या तर बाकीच्या वायरी डब्यातून सुट्या काढता येत होत्या. लागतील तेवढ्याच लावायच्या, पेटीत गुंतवळ नाही.

रविवारचा अख्खा दिवस त्यांनी वायरी बसवण्यात घालवला. प्रत्येक वायर पेटीच्या कडेने सरळ नेऊन काटकोनात वळवली. मेण लावलेल्या दोऱ्याने दर दोन बोटांवर गाठी मारल्या. प्रत्येक टोकाला कागदाची चिठ्ठी, तिच्यावर त्यांच्या छापील वाटणाऱ्या अक्षरात ‘डिस्क एक’, ‘डिस्क दोन’. मग पेटीचे झाकण न लावता आम्हाला दाखवायला बोलावले.

“बघा, आहे की नाही?”

ताई म्हणाली, “माझ्या कपाटातल्या साड्या अशा लावून द्या एकदा.”

सोमवारी काम सुरू झाले. मॉडेल तयार करताना, भिंती उभ्या करताना, रंग भरताना सगळे सुरळीत. पण फिल्म बनवायला लावली, म्हणजे कॉम्प्युटरने एकेक चित्र उजेड-सावलीसकट स्वतः रंगवायचे असते ते, रेंडर म्हणतात ते, सुरू केले, की मिनिट-दोन मिनिटांत पेटी फट्‌दिशी बंद. ना सूचना, ना आवाज. कोणी खटका खाली केल्यासारखी. पुन्हा चालू करावी तर शहाण्या मुलासारखी चालू व्हायची.

“तुमच्यासारखीच आहे,” ताई म्हणाली. “गप्पा मारायला बसवा, दिवसभर बसेल. कामाला लावलं की डोळे मिटते.”

साडूभाऊ हसले तेव्हा. मग त्यांनी यूपीएस बदलून पाहिला. भिंतीतला प्लग बदलला. सगळे प्रोग्राम पुसून नव्याने टाकले, त्यात तीन दिवस गेले. पेटीचे झाकण उघडून समोर टेबलफॅन लावला. दुकानदाराकडे पेटी नेली. त्याने ती चालू केली, दोन-चार खिडक्या उघडल्या, एक व्हिडिओ लावला, अर्धा तास ठेवली. काही झाले नाही.

“काका, मस्त चाललंय की.”

“रेंडर लावा. रेंडर लावल्यावर बंद पडतं.”

“ते सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही हो.”

पेटी घरी आली आणि पहिल्या मिनिटाला बंद पडली. ताईने मला फोन केला. “माहेरी गेली की गुणाची, सासरी आली की फुगते. तुम्ही या बाई एकदा. हे जेवायला उठत नाहीयेत.”

मी कॉमर्सचा माणूस. निवृत्तीला आठ महिने राहिलेत आणि इतक्या वर्षांत कॉम्प्युटरवर मी फक्त बेरजा केल्या. पण गेलो. साडूभाऊ पेटीसमोर स्टुलावर बसले होते. आजाऱ्याच्या उशाशी माणूस बसतो तसे.

“साडूभाऊ, वीज कमी पडत नसेल ना?” मी आपले विचारले.

“कशी पडेल? सहाशेचा आहे. साडेपाचशे हवेत. पन्नास शिल्लक आहेत.”

“पण खरंच सहाशे देतो का, हे...”

“लिहिलंय ना?” ते म्हणाले. “साडूभाऊ, आमच्या धंद्यात पहिला नियम. नकाशावर पट्टी ठेवून मोजायचं नाही. कागद आकसतो, झेरॉक्स लहान-मोठी होते. लिहिलेलं माप पाळायचं. गवंड्यांना मी जन्मभर हेच शिकवत आलो. लिहिलेल्या मापावर विश्वास नाही ठेवला तर इमारत उभी राहील का?”

डब्याच्या दुसऱ्या बाजूला एक चिठ्ठी होती, तिच्यावर बारीक आकड्यांचा तक्ता. तक्ता दिसला की मला राहवत नाही. मोबाइलने फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. तीन रांगा होत्या. प्रत्येकीत व्होल्ट, आणि त्याच्यासमोर अँपिअर. कागदाच्या मागे मी गुणाकार करून बेरीज मांडली. बेरीज सहाशेला पोहोचेना. बाराच्या रांगेत तर अठराच अँपिअर होते, म्हणजे दोनशे सोळा वॅट. याचा अर्थ मला कळला नव्हता, ताळा जमत नाही एवढेच कळले होते. साडूभाऊंनी तो कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला.

“चला,” म्हणाले.

दुकानदाराने कागद पाहिला आणि मान खाजवली. “काका, तो सहाशेचा आकडा क्षणभराचा असतो. पळत सुटलेला माणूस एका उडीत नाला ओलांडतो, म्हणून तो तासभर तसाच उड्या मारेल का?”

“मग लिहितात कशाला?”

“विकायला.”

दुकानदार मग, आता उशीर झालाच आहे तर नीट समजावून सांगू, अशा सुरात बोलू लागला. हल्ली प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, दोघेही खातात ते बारा व्होल्टच्या रांगेतून. म्हणून ठळक आकडा बघायचा नाही, बाराची रांग बघायची. तुमचं कार्ड एकशे सत्तर, प्रोसेसर शंभराच्या आसपास, वर डिस्का, पंखे. तीनशेच्या पुढे जातं. शिवाय कार्ड मध्येच एकदम जास्त ओढतं, क्षणभर का होईना. काठोकाठ भरलेला हंडा घेऊन जिना चढायचा नसतो, थोडी जागा ठेवायची. आणि हमी किती वर्षांची आहे ते बघायचं. एक वर्षाची हमी देणाऱ्याला स्वतःच्याच मालाची खात्री नसते.

“म्हणजे आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार,” मी म्हणालो.

“हेच तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलं?” साडूभाऊंनी दुकानदाराला विचारले. आवाज चढला नव्हता.

“काका, तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही आलात, पट्टी काढलीत, डबा मोजलात आणि म्हणालात, हा द्या.”

हे खरे होते. मी समोर होतो.

नवा पॉवर सप्लाय मोठ्या रकमेचा होता. बाराच्या रांगेत चोपन्न अँपिअर, सात वर्षांची हमी, आणि हातात घेतला तर वीट घेतल्यासारखा जड. यालाही मुख्य वायरी सोडून बाकीच्या सुट्या. सोबत काळ्या पिशवीत त्याच्या स्वतःच्या वायरी. दुकानदार म्हणाला, “पेटी आणा, बसवून देतो.” साडूभाऊ नको म्हणाले. त्यांनी बांधलेल्या वायरींना दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना चालणार नव्हता. महिना संपायला आठवडा उरला होता. त्यांनी हिशेब केला होता, पेटी न थांबता चालली तर चार दिवसांत फिल्म होते.

त्याच दुपारी बसवायला घेतले. मी स्क्रू धरायला होतो. जुना डबा बाहेर काढला, नवा आत सरकवला, चार स्क्रू आवळले. मुख्य दोन वायरी डब्यालाच जोडलेल्या होत्या, त्या नव्याने ओढून घ्याव्या लागल्या आणि ते त्यांच्या जिवावर आले. पिशवीतून त्यांनी कार्डाची वायर घेतली, कारण जुनी आखूड पडत होती. राहिल्या दोन्ही डिस्कच्या वायरी. त्या पेटीच्या कडेने गाठी मारून काटकोनात बसलेल्या, टोकाला चिठ्ठ्या.

“या कशाला सोडायच्या?” ते म्हणाले. “फक्त डब्याकडचं टोक काढून नव्या डब्यात लावायचं. तोंड तेच आहे, बघा.”

तोंड तेच होते. चपखल बसले. खट असा आवाजही आला. मीही मान डोलावली. माझ्या मान डोलावण्याला अर्थ नव्हता, पण डोलावली.

बटण दाबले. पंखे फिरले, इतके हळू की कान लावावा लागला. कार्डावरचा दिवा लागला. पडदा उजळला. साडूभाऊंनी ताईला हाक मारली, “अगं ये, बघ.” ती हात पुसत आली. पडद्यावर काळ्यावर पांढरी एक ओळ आली. डिस्क सापडत नाही, अशा अर्थाची. आणि मग वास आला. फार नाही. इस्त्री विसरल्यावर येतो तेवढा.

साडूभाऊंनी प्लग ओढून काढला. तेवढे त्यांनी झटकन केले.

“नवा आहे ना, येतो वास सुरुवातीला,” ताई म्हणाली.

दोन डिस्क होत्या. एकीवर काम, दुसरीवर रोज संध्याकाळी त्या कामाची प्रत. हा नेम त्यांनी एकदाही चुकवला नव्हता. पेनड्राइव्हवर त्यांचा विश्वास नव्हता, खिशातून पडतो म्हणून. दोन्ही डिस्क एकाच पेटीत आणि त्याच जुन्या वायरींवर होत्या.

दुकानदाराला मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळे ऐकल्यावर तो म्हणाला, “काका, वायरी कुठल्या लावल्या?”

“होत्या त्याच.”

“अहो, पिशवीत दिल्या होत्या की. प्रत्येक कंपनीचा आतला क्रम वेगळा असतो. डिस्कच्या टोकाला सगळ्यांचा सारखा, डब्याच्या टोकाला ज्याचा त्याचा. जिथं पाच व्होल्ट जायला हवे होते तिथं बारा गेले असणार.”

“मग तोंड सारखं का ठेवतात?” साडूभाऊंनी विचारले.

“आता ते... काय सांगू काका.”

“नाही, मला सांगा. क्रम वेगळा आहे, तर तोंड सारखं का ठेवतात? आम्ही दार वेगळं असेल तर चौकट वेगळी काढतो.”

हेच मी नंतर दोघा-तिघा जाणकारांना विचारून पाहिले. सगळे म्हणाले, तसेच असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही डिस्क घेऊन, जळालेल्या डिस्कमधली माहिती काढून देणाऱ्या लॅबमध्ये गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लख्ख उजेड, टेबलावर भिंग. तिथल्या बाईंनी डिस्क उलटसुलट करून पाहिल्या आणि तासाभराने या म्हणाल्या. आम्ही जिन्यातच उभे राहिलो. साडूभाऊ पायऱ्यांची उंची डोळ्यांनी मोजत होते. मी ओळखतो ती नजर.

“पहिली गेली,” बाई म्हणाल्या. “तिचं काही होणार नाही. दुसरीची वरची सर्किटची पट्टी जळलीय. तशीच पट्टी शोधावी लागेल, तिच्यावर हिची एक चिप चढवावी लागेल. आतल्या भागालाही झटका बसला असेल तर तेही व्यर्थ. अठ्ठावीस हजारांपर्यंत जाईल. तीन आठवडे.”

“खात्री किती?”

“खात्री नाही, काका.”

“अंदाजे? निम्मी?”

“अंदाज सांगितला तर तुम्ही त्याच्यावर पैसे लावाल,” बाई म्हणाल्या. “म्हणून सांगत नाही.”

बाईंचे बोलणे सरळ होते. तीन आठवडे म्हणजे महिना संपून पुढचा अर्धा. साडूभाऊंनी डिस्क तिथेच ठेवल्या, म्हणाले विचार करून कळवतो. जिना उतरताना मी म्हणालो, “साडूभाऊ, पैशांचं बघता येईल.” ते म्हणाले, “पैशांचं नाही हो. दिवसांचं बघा.” ते मला बघता येण्यासारखे नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी बिल्डरला फोन केला. मी आणि ताई स्वयंपाकघरात होतो, पण घर लहान आहे.

“फिल्म होतेय ना?” बिल्डरने विचारले असावे, कारण साडूभाऊ म्हणाले, “होत होती.” मग त्यांनी सगळे पहिल्यापासून सांगितले. वॅट, बाराची रांग, वायरींचे तोंड. मध्ये काही गाळले नाही. माणूस इतके खरे सांगू लागला की ऐकणाऱ्याला ते सबबीसारखे वाटते. मला त्या क्षणी वाटले, यापेक्षा तापाने पडलो होतो म्हणाले असते तर बरे. पण ते तसे म्हणणार नव्हते.

“हो. हो. बरोबर आहे तुमचं,” ते म्हणत राहिले. मग, “नाही, मुदत वाढवा असं म्हणणार नाही मी. तुम्हालाही पुढं द्यायचं असतं.” मग शेवटी, “हो, तब्येत चांगली आहे.”

फोन ठेवून बाहेर आले. ताईने विचारले, “काय म्हणाले?”

“आता थोडी विश्रांती घ्या म्हणाले.”

“म्हणजे?”

“म्हणजे विश्रांती घ्यायची.”

ताईने गॅस बारीक केला आणि पाठ फिरवून उभी राहिली.

बिल्डरकडे त्यांच्या नकाशांच्या छापील प्रती आहेत. मूळ फाइली कुठेच नाहीत. बावीस वर्षांतली शेवटची अठरा वर्षे कॉम्प्युटरवर होती. काम कंपनीकडे गेले. कंपनीच्या एका मुलाने दोनदा फोन करून जुन्या इमारतींची मापे विचारली. साडूभाऊंनी तोंडी सांगितली, आणि ती बरोबर निघाली, असे त्या मुलाने कळवले. त्याबद्दल काही मिळायचे नव्हते.

लॅबच्या बाईंना त्यांनी नको म्हणून कळवले. दुकानदाराने वाईट वाटून एक लहान डिस्क निम्म्या किमतीत दिली आणि या वेळी स्वतः घरी येऊन पिशवीतल्या वायरींनी जोडून दिली. मेणाच्या दोऱ्याच्या गाठी त्याने कात्रीने कापल्या. साडूभाऊ तेव्हा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. जाण्याआधी दुकानदाराने नमुन्याचे एक मोठे रेंडर तीन तास चालवून दाखवले. एकदाही बंद पडले नाही.

“आता काही द्या, झेपेल,” तो म्हणाला.

साडूभाऊ हो म्हणाले. देण्यासारखे काही नव्हते.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते टेबलाशी बसले होते. पडद्यावर नवी कोरी खिडकी उघडलेली, मध्यभागी एक खोली. चार भिंती, एक दार, एक खिडकी. कोणाची खोली, असे मी विचारले. “कोणाची नाही,” म्हणाले. “हात विसरू नये म्हणून.” भिंत नऊ इंची होती, ती त्यांनी पुसली आणि पुन्हा नऊ इंचीच काढली. ताईने चहा आणून ठेवला. मी थोडा वेळ बसलो. चहा संपला तसा निघालो.

दोन्ही डिस्क अजून लॅबमध्येच आहेत. त्या आणायला कोणी गेलेले नाही. बाईंचे तपासणीचे चारशे रुपये द्यायचे राहिले आहेत.